आबांचं वय

"मेंढरू म्हातारं झालं की त्याला पुण्याला नेता का रे तुम्ही?"

डॉक्टरनं माझ्या चुलत्याला विचारलं आणि त्याच्या दवाखान्याच्या ओसरीवरचे सगळे हसले. माझे वडील, आबा, पायरीखाली घोंगडीच्या डोलीत पडले होते. वर आणू नका, मेंढरांचा वास येतो, असं कंपाउंडरनं आधीच बजावलं होतं.

पासली गावाच्या वरच्या डोंगरातून चौघांनी त्यांना खांद्यावर आणलं होतं. मी मागून चालत आले. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती. पण पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात शिरायचं तर या डॉक्टरची चिठ्ठी लागते, असं जो तो सांगे.

डॉक्टरनं खुर्चीतूनच विचारलं, "वय काय?"

"नव्वदीला टेकल्यात," तात्या, माझे चुलते, ताठ मानेनं म्हणाले.

आमच्यात म्हाताऱ्याचं वय चढवूनच सांगतात. कमी सांगितलं तर त्याचा मान गेला. केस पिकले की सत्तर, हातात काठी आली की नव्वद. आबा फार तर साठीचे. आदल्या आठवड्यात लंगडं कोकरू खांद्यावर टाकून कडा चढले होते. आता पोट टम्म फुगलेलं. माणूस ओळखेनात. वाऱ्याशी बोलत होते.

"नव्वद? मग पिकलं पान आहे. म्हातारचळ लागलाय. घरी न्या. पुण्याच्या खाटा तरण्यांनाच पुरत नाहीत."

तात्यांनी हात जोडले. झालं, संपलं. आमचा सगळा धनगरवाडा असाच हात जोडतो आणि परत डोंगर चढतो. आबांचं खरं दुखणं मला ठाऊक होतं, पण ते चारचौघांत बोलायचं नव्हतं. बाईनं तर नाहीच. बापाविषयी तर नाहीच नाही.

मी बोलले.

"आबास्नी दोन दिस मुताया झालं न्हाई. त्याआदी डोकं चांगलं व्हतं. वय नगा इचारू. पोटाला हात लावून बगा."

तात्यांनी माझा दंड आवळला. "गप, अवदसे."

डॉक्टर उठला. मला वाटलं, पायरी उतरतोय.

"हिला आवरा," म्हणाला आणि आत गेला.

चौघांनी डोली उचलली, तोंड डोंगराकडं केलं. पुढचं सगळं मला दिसत होतं. तोंडात पाणी घालतील. रडतील. नव्वदीचे होऊन गेले, सोनं झालं म्हणतील. त्या मानाची मला किळस आली. मी पुढं झाले आणि डोलीचा दांडा धरला.

"वर न्हाई. खाली, शिवऱ्याला. सडकंला पुण्याची मोटार गावंल."

"आन् चिठ्ठी?" तात्या म्हणाले.

"न्हाई तर न्हाई."

आबा पुण्यापर्यंत टिकतील की नाही, मला माहीत नव्हतं. पण माझं ठरलं होतं. तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या दारातच त्यांना आडवं ठेवायचं. येणाऱ्या डॉक्टरनं एक तर त्यांना ओलांडून जावं, नाही तर हात लावावा. कुणी हात लावेपर्यंत मी त्यांना उचलू देणार नव्हते.