विचारलं तेवढंच

आमच्या शेजारचे काका निवृत्त रसायनशास्त्रज्ञ. पानं कुजून तांबूस झालेलं आमच्या विहिरीचं पाणी ग्लासात धरून ते मला कितीदा तरी सांगत, "चिकणमाती किरणोत्सारी धातू धरून ठेवता, खरा. पण पाण्यात कुजलेल्या पानांचो अर्क असलो, की धातू तेका चिकटता आणि पाण्याबरोबर पुढे जाता."

गावामागच्या सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली, अणुकचरा पुरायचा म्हणून सभा भरली. प्रकल्पाच्या साहेबांनी काकांनाच विचारलं, "चिकणमाती धातू धरते ना?"

काका शुद्ध मराठीत म्हणाले, "हो, धरते." आणि बसले. गावाला हायसं वाटलं.

परतताना मी विचारलं, "आणि पानांचा काय?"

"ता खंय कोणी इचारल्यान?" चष्मा पुसत ते म्हणाले.

हल्ली त्यांनी हाक मारली, की मी ओ देतो. जवळ मात्र जात नाही.