गोमतीबाईंचा चूडो

मानोऱ्याच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तांड्यावरच्या गोमतीबाई राठोड पहिल्यांदा नजरेत भरल्या, तेव्हा त्या प्रेक्षकांत बसल्या होत्या. मंचावर त्यांची लेक सैनिकाची आई झाली होती आणि ऐन वेळी वाक्य विसरली. ते वाक्य दुसऱ्या रांगेतून आलं. कुजबुजत नव्हे, ज्या सुरात म्हणायचं त्याच सुरात. सगळे वळून पाहू लागले. बाई ओशाळल्या, पण पुढचं वाक्यही म्हणूनच थांबल्या.

कापड दुकानदार मांगीलालजींचा मयंक तिथंच होता. त्याची हौशी नाटकमंडळी होती; दुकानामागच्या गोदामात तालमी चालत. त्यानं बाईंना बोलावून घेतलं. अंगणवाडीतली मदतनिसी, घरची चूल, आणि संध्याकाळी तालीम. त्या दोन तासांसाठी बाई दिवस काढत.

पण नऊ वर्षांत त्यांना भूमिका एकच मिळाली. बंजारीण. कधी पाण्याला जाणारी, कधी नाचणारी, कधी नायकाला वाट दाखवून निघून जाणारी. वकिलीण मंडळीतली कृतिका व्हायची, सासू खुशबू. बाईंनी एकदा सासू मागितली, तर मयंक हसून म्हणाला, "गोमतीमाय, तुमच्या तोंडाले ते शोभत नाही." तोंड म्हणजे नेमकं काय, हे कोणी विचारलं नाही.

मग मयंकनं नवं नाटक लिहिलं. धरणात जमीन गेलेली तांड्यावरची विधवा, आणि तीच मुख्य. बाईंनी चार दिवसांत सगळी वाक्यं पाठ केली. त्यांचा स्वतःचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे फार काही शोधावं लागलं नाही.

रंगीत तालमीला कृतिकानं डबा उघडला. आरशांची चोळी म्हणजे कांचळी, केसांतून गालांवर लोंबणारी घुगरी, आणि कोपराच्या वर घालायच्या पांढऱ्या बांगड्या, चूडो.

"मयंकभाऊ, हे कायले?" बाई म्हणाल्या. "नवरा मेला की चूडो उतरवतात आमच्यात. माह्याही दंडातला उतरवला व्हता."

"मले मालूम हाये, माय. पण शेवटच्या रांगेतल्या माणसाले कसं समजन, तुमी बंजारीण हाये म्हून?"

"मी बोलली का समजते."

"बोलण्याआधी समजाले पाहिजे नं! पडदा उघडला का टाळी आली पाहिजे."

"तांड्यावरचे लोक पाहाले येऊन राह्यले. माही नणंद येते, दुर्गाबाई. थ्या काय म्हणतीन?"

मयंकनं कपाळावरचा घाम पुसला. तो वाईट माणूस नव्हता. स्पर्धा जवळ आली होती इतकंच. "मंग कृतिका करते. तिले पाठ हाये. रंग थोडा गडद लावला का झालं."

कृतिका खाली मान घालून डब्याचं झाकण चाचपत राहिली. बाईंनी दंड पुढे केले.

वाशिमला स्पर्धेच्या प्रयोगात पडदा उघडला आणि टाळी आली. तिसऱ्या रांगेत दुर्गाबाई होत्या. त्यांनी बाईंच्या दंडांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. शेजारच्या दोघी काही बोलल्या, मग हसल्या. दुसऱ्या प्रवेशात नवऱ्याचं नाव घेताना बाईंना ते सोसेना. त्या बोलता बोलता चूडो ओढू लागल्या. बांगड्या लहान होत्या, दंड उकाड्यानं फुगलेला. एकही कोपराखाली सरकेना. वाक्य संपलं, तरी त्या ओढत राहिल्या. मग विंगेतून मयंकनं दिवे घालवायला सांगितलं.

परीक्षकांनी नेमकं तेच उचललं. विधवेची तडफड अशी कोणी दाखवली नव्हती, म्हणाले. बाईंना अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. मयंकनं त्यांच्या पाया पडून सांगितलं, "माय, ते ओढणं पक्कं करून टाकू. आता सोडाचं नाही."

"ते मी केलं नव्हतं, भाऊ," बाई म्हणाल्या. त्याला तो विनय वाटला.

दुर्गाबाईंनी त्यानंतर दोन सण त्यांना घरी बोलावलं नाही.

बाई अजूनही सकाळी अंगणवाडीत पोरांची खिचडी शिजवतात. नाटकाचे आजवर चौदा प्रयोग झाले. चूडो कृतिका आणते, आणि आता मुद्दाम एक माप लहानच आणते.