मुकुंदरावमामांची इंग्रजी संथा

आमच्या शेजारचे मुकुंदरावमामा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले, त्यांचा आवाज मात्र अजून नोकरीत आहे. ताटात चटणी मागतात तीही फलाटाच्या पार टोकाला ऐकू जाईल अशी. लहानपणी ते दोन वर्षं कावेरीकाठच्या वेदपाठशाळेत होते. तिथून पळाले, पण येताना पाठांतराची पद्धत उचलून आणली.

त्यांच्या माडीवर थुईअक्का भाड्याने राहते. ती व्हिएतनामची. रोज बसने आडुतुरैला भातसंशोधन केंद्रात जाते. आल्या दिवशी तिने मामांना पहिलं काय विचारलं, तर वय. तिच्या भाषेत समोरचा थोरला की धाकटा हे कळल्याशिवाय त्याला हाकच मारता येत नाही म्हणे. मामा खूश! "बघ, याला वळण म्हणतात," असं जयलक्ष्मीमामींना म्हणाले.

थुईअक्काला परदेशात पीएचडीची जागा हवी होती. त्यासाठी इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नऊपैकी सात पाहिजेत, आणि तेही भारी भारी शब्द वापरून. नाही मिळाले तर डिसेंबरात घरी परत, आईच्या नूडलच्या दुकानात. बिचारीने बाराशे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून आरशाला, फ्रिजला, पंख्याच्या बटणांना चिकटवले होते. डोक्यात एकही राहत नव्हता.

"कागदाला चिकटवलास तर कागदालाच राहणार," मामा म्हणाले. त्यांचं तिच्याशी बोलणं इंग्रजीत, पण मामांचं इंग्रजी ऐकणाऱ्याला मराठीच वाटतं. "घशाला चिकटव. बस अशी समोर. म्हण! रोबस्ट-रेझिलियंट, रेझिलियंट-रोबस्ट, रोबस्ट-रेझिलियंट!"

सूर चढला की हात वर, उतरला की हात खाली. तिच्या भाषेत सहा सूर, त्यामुळे मामांचे वेदपठणातले तीन तिला किरकोळ. अडचण वेगळीच होती. ती शब्दांचे शेवट गिळायची. 'रोबस्ट' म्हणजे नुसतं 'रोबॉ'.

"शेपूट कुठे टाकलंस?" मामा गरजले. मग त्यांनी आपल्या गावाकडचा उपाय काढला. इथे तमिळ तोंडात कारचं कारु होतं, बसचं बस्सु. "शेवटी उ लाव. उ धरला की शेपूट सुटत नाही."

"रोबस्टु!" थुईअक्का म्हणाली.

"शाब्बासु!"

महिनाभर पहाटे माडीवर हा घोष. मामी म्हणायच्या, "ही पोरगी परीक्षा देणार की होम करणार?"

एकच गोम होती. मधला शब्द वेगळा काढता येईना. कॉफी कशी झालीय विचारलं की थुईअक्का हात वर करून रोबस्टुपासून सुरू करायची. 'एक्स्क्विझिटु'पर्यंत पोचेतो कॉफीवर साय धरायची.

परीक्षा ऑनलाइन होती, शनिवारी सकाळी. नियम असा की खोलीत दुसरं कोणी नको आणि दोन्ही हात टेबलावर दिसले पाहिजेत. मामा आणि मी जिन्यात बसून ऐकत होतो.

"तुमच्या कामात आलेली एक अडचण सांगा," परीक्षक म्हणाले.

जिन्यात मामांचा हात आपोआप वर गेला. मी तो ओढून खाली धरला. मग आतून हळूच आलं, "रोबस्टु-रेझिलियंटु, रेझिलियंटु-रोबस्टु..."

"मॅडम, तुम्ही प्रार्थना करताय का?"

"बुडालो," मामा पुटपुटले.

आणि थुईअक्का खदाखदा हसली. "नाही सर, हीच माझी अडचण!" मग जी सुटली! चिठ्ठ्या, मामा, हात, शेपूट, गार कॉफी, सगळं साध्यासुध्या शब्दांत, कुठेही न अडता. मामांची गर्जनासुद्धा करून दाखवली. परीक्षक इतके हसले की त्यांना खोकला लागला.

दहा दिवसांनी निकाल आला. ओघ आठ, बाकीचं सात, शब्दसंग्रह सहा. एकूण सात. थुईअक्का रडली, मामींनी शेवयांचं पायसम केलं.

मामांनी चष्मा लावून कागद तीनदा वाचला. "शब्दसंग्रह सहा?"

"मामा, जागा मिळाली मला!"

"माझ्याच विषयात सहा! तू पुन्हा बस."

"अहो, तिने आत्ताच पंधरा तारखेच्या विमानाचं तिकीट काढलं," मामी म्हणाल्या.

"मग चौदापर्यंत वेळ आहे," म्हणत मामा माडीचा जिना चढू लागले.