आम्ही विहिरी मोजतो

आमच्या भागात पाणी साठत नाही, किस्से मात्र साठतात. कामच तसं आहे. जळगाव जिल्ह्यात गावोगावच्या काही विहिरी ठरवून दिलेल्या आहेत. वर्षातून चार वेळा जायचं, टेप सोडायचा, पाणी किती खोल आहे ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये आकडा टाकायचा. निरीक्षण विहीर म्हणतात त्यांना. आकड्याच्या शेजारी शेऱ्याचा रकाना असतो, पण तो बोटभर रुंद. त्यात ‘कोरडी’ एवढाच शब्द मावतो. बाकीचं आम्ही जीपमध्ये एकमेकांना सांगतो.

आम्ही म्हणजे तिघं. पाटील नाना सर्वात सीनियर, पाचोऱ्याकडचे, सगळी नोकरी विहिरींच्या काठावर काढलेले. ड्रायव्हर सलीमभाई. आणि मी, भुसावळची तायडे. धुळ्याकडची पदं रिकामी, म्हणून तिकडच्या काही विहिरीही आमच्याच गळ्यात.

*

माझा पहिला दिवस पहूरच्या पुढच्या एका गावात उजाडला. नवीन नोकरी, नवीन बूट, छातीवर ओळखपत्र. विहिरीच्या कठड्यावर वाकून मी टेप सोडला, आकडा मोठ्यानं वाचला. नानांनी तो लिहून घेतला.

शेजारच्या लिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, काय चाललंय. मी नुकतीच ट्रेनिंग करून आले होते. भूगर्भातलं पाणी कसं खाली चाललंय, दरवर्षीची नोंद का महत्त्वाची, त्यावरून सरकारला नियोजन कसं करता येतं, सगळं सांगितलं. चांगली दहा मिनिटं बोलले असेन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “मोजल्यानं वाढते का वं बाई पाणी?”

मी टेप गुंडाळायला लागले. जीपमध्ये बसल्यावर नाना म्हणाले, “तुला पहिल्याच दिवशी भेटले. मला हे विचारणारा माणूस भेटायला सहा वर्षं लागली होती.”

*

रावेरकडे केळीचा पट्टा. चारी बाजूंना हिरवंगार, डोळे निवतात. आणि जमिनीखाली आमच्या जिल्ह्यातला सर्वात मोठा खड्डा. तिथल्या एका विहिरीत एका मे महिन्यात टेप पूर्ण सुटला, शेवटची कडी नानांच्या बोटात आली, तरी पाणी लागेना. खाली कुठेतरी चमकत होतं, एवढं दिसायचं.

नानांनी शेऱ्यात लिहिलं, ‘टेप अपुरा’.

वरून पत्र आलं की शेरा पाण्याबद्दल असावा, साहित्याबद्दल नसावा. साहित्य हवं असल्यास वेगळी मागणी करावी. नानांनी वेगळी मागणी केली. तोपर्यंत आम्ही केळीच्या घडांना बांधतात ती दोरी टेपला जोडून काम भागवलं. दोरी हातानं मोजायची आणि बेरीज करायची.

दोन वर्षांनी लांब टेप आला. छान पिवळाधमक. सलीमभाईंनी त्याचं प्लॅस्टिक काढलं आणि आम्ही थेट त्याच विहिरीवर गेलो. टेप सरसर खाली गेला आणि मध्येच ढिला पडला. नानांनी ओढून पाहिला. टोकाला कोरडी माती होती.

नाना टेप गुंडाळत म्हणाले, “आता पुरला.”

*

हल्ली मोबाईलवर ॲप आहे. विहिरीवर उभं राहून फोटो काढायचा, आकडा भरायचा, की झालं. एका कोरड्या विहिरीवर मी आकड्याची जागा मोकळी सोडली. ॲप पुढेच सरकेना. लाल अक्षरं यायची, ‘कृपया पाण्याची पातळी भरा’. शून्य टाकलं तर पाणी काठोकाठ आहे असा अर्थ होतो. हेल्पलाईनवरच्या मुलीला सगळं सांगितलं. ती फार गोड बोलायची. म्हणाली, मॅडम, विहीर म्हटल्यावर काहीतरी पाणी असेलच ना, तेवढं टाका.

मी फोन ठेवला. मे महिना होता. ती मुलगी कुठल्या गावची होती, हे विचारायचं राहून गेलं.

*

धुळ्याच्या बाजूला एका विहिरीवर पोचलो तर विहीरच नव्हती. सलीमभाईंनी दोनदा जीप फिरवली. रस्ता तोच, मारुतीचं देऊळ तेच. देवळामागे विहिरीच्या जागी सपाट जमीन आणि वर फरशी. ग्रामपंचायतीत विचारलं तेव्हा कळलं की विहीर आटल्यावर लोक त्यात कचरा टाकायला लागले. आधी निर्माल्य, मग जुन्या तसबिरी, मग काहीही. वास सुटला. मग गावानं ठराव करून ती बुजवली आणि त्या वर्षी गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं.

बक्षिसाचा बोर्ड त्या फरशीवरच उभा होता. सरपंच भला माणूस. नानांना म्हणाला, साहेब, तुम्हाला मोजायचंच असेल तर आमच्याकडे दुसरी विहीर आहे, पण तीही आम्ही पुढच्या वर्षी स्वच्छ करणार आहोत.

*

उन्हाळ्यात जीप तापते. एकदा साक्रीच्या रस्त्यावर ती इतकी तापली की बॉनेटमधून वाफ यायला लागली. आमच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झालेल्या. जवळच्या वस्तीवर टँकर येऊन गेला होता. घराघरापुढे ड्रम, त्यांवर फळ्या, फळ्यांवर दगड.

सलीमभाई बाटली घेऊन पहिल्याच घराशी गेले. एक म्हातारी बाहेर आली. गाडीसाठी पाणी हवं म्हटल्यावर तिनं विचारलं, किती लागेल. सलीमभाई ओशाळून म्हणाले की अर्धी कळशी. तिनं फळी सरकवली आणि भरलेली कळशी आणून खाली ठेवली. मी मागूनच आले होते. ड्रममध्ये तळ दिसत होता. मी म्हटलं, अक्का, राहू द्या, आम्ही दुसरीकडे बघतो. टँकर परत कधी येणार, तेही विचारलं. 

ती सलीमभाईंनाच म्हणाली, “पानी मांगनाराले नही म्हनाले अजून जीभ रेटत नही, भाऊ. टाका.”

सलीमभाईंनी पाणी टाकलं.  त्या दिवसापासून जीपमध्ये मागे दोन कॅन भरलेले असतात आणि त्यांना ते आम्हालाही हात लावू देत नाहीत.

*

आता एक बरा किस्सा. निदान सुरुवातीला तरी बरा.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन दगडगोट्यांची आहे. पाणी तिथे चटकन मुरतं. तिथल्या एका नाल्यात आम्ही पुनर्भरणाचा खड्डा करून दिला होता. खोल खणायचं, खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू. पावसाचं पाणी गाळून जमिनीत उतरतं. अडचण एकच, दरवर्षी वाळूवर गाळ बसतो. तो काढला नाही तर दोन-तीन वर्षांत सगळं बंद. बहुतेक ठिकाणी ते तसंच बंद पडतं.

या गावात सकूअक्का होती. जून लागायच्या आत ती वस्तीवरच्या बायका घेऊन जायची आणि वाळू उपसून, धुऊन परत भरायची. कोणी सांगितलं नव्हतं. चौथ्या वर्षी तिथल्या विहिरीचं पाणी वर आलं. मी तीनदा टेप सोडून बघितला. आमच्या सगळ्या रजिस्टरमध्ये वर चढलेला तो एकच आकडा.

वरच्या ऑफिसला तो चुकीचा वाटला. आजूबाजूच्या सगळ्या विहिरी खाली गेल्या असताना ही एकटीच कशी वर आली? मागच्या वर्षांची सरासरी टाका, असा निरोप आला. नाना म्हणाले, मी लिहिलेला आकडा मी खोडणार नाही, तुम्ही खोडा. वरच्या ऑफिसनं खोडला.

मला फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला मी सकूअक्काला सांगितलं की तुमचं पाणी कागदावर आलंच नाही. ती बादली ओढत होती. म्हणाली, “कागदवर नही ते नही. बादलीमा शे ना?”

मी हा किस्सा कितीतरी जणांना इथपर्यंतच सांगते. पुढचं असं, की दोन वर्षांनी तिथून रस्ता गेला. नाल्यात मुरूम पडला, वर रोलर फिरला. अक्कानं मला फोन केला. मी पोचले तेव्हा बायका हातानं मुरूम बाजूला करत होत्या. रस्त्याच्या कामावरचा माणूस मला नकाशा दाखवत होता. नकाशात तिथे काहीच नव्हतं. त्याचंही चुकत नव्हतं. आम्ही तो खड्डा कुठल्या नकाशात टाकलाच नव्हता.

बायकांनी तीन दिवस उकरलं. चौथ्या दिवशी कोणी गेलं नाही. गेल्या मे महिन्यात त्या विहिरीचा आकडा सरासरीशी जुळला.

*

नाना स्वतःबद्दल कधी बोलत नाहीत. हे त्यांनी एकदाच सांगितलं, पाचोऱ्याहून परत येताना, खिडकीबाहेर बघत.

त्यांच्या गावची विहीर आमच्या यादीत आहे. तिच्यापासून दोनशे पावलांवर त्यांच्या धाकट्या भावाचा मोसंबीची बाग. झाडं नानांनी आणि भावानं मिळूनच लावलेली, शेत मात्र भाऊ करायचा. बागेला पाणी कमी पडायला लागलं तसा भावानं बोअर घेतला, मग दुसरा. तिसऱ्या वेळी नाना रजिस्टर घेऊन त्याच्याकडे गेले. वीस वर्षांचे आकडे त्याच्यापुढे ठेवले. गावच्या विहिरीवर आता बायकांच्या रांगा लागतात, तू अजून खाली गेलास तर तीही संपेल, म्हणाले.

भावानं रजिस्टर बंद करून परत दिलं. “तू मोजत ऱ्हाय, मी उपसत ऱ्हास.”

बोअर मारायची गाडी बांधावर उभीच होती. बोअर झाला. नाना घरी जायचे बंद झाले. विहीर मोजायची आणि तिथूनच परतायचं, भावाच्या घरावरून.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात विहीर गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिसरा बोअरही गेला. मे महिन्यात आम्ही तिथे पोचलो तर बागेतून करवतीचा आवाज येत होता. मी आणि सलीमभाई जीपमध्येच थांबलो. नाना एकटे बागेकडे गेले. भाऊ तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर बसला होता. नाना शेजारच्या बुंध्यावर बसले. 

शेवटी भावानं विचारलं, “आते काय मोजशी?”

*

नाना गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यांच्या शेवटच्या फेरीतली ही गोष्ट आहे. मला विचाराल तर आमच्या सगळ्या किश्श्यांत हा पहिल्या नंबरचा.

धुळे तालुक्यात एका आबांच्या शेतात आमची एक विहीर होती. ती त्यांच्या वडिलांनी खणलेली, आबांनी लहानपणी तिची माती डोक्यावरून वाहिलेली. आबांची नजर म्हातारपणी गेली, पण जीपचा आवाज आला की काठी टेकत यायचे. टेप वर आला की हात पुढे करायचे. नाना टेपचं ओलं टोक त्यांच्या तळहातावर ठेवायचे. ते अंगठ्यानं चोळायचे, डोळ्यांना लावायचे आणि घरी जायचे. दर खेपेला असंच. नाना म्हणायचे, आकडा आपल्यासाठी, ओल त्यांच्यासाठी.

त्या दिवशी आबा आमच्या आधीच कठड्याशी येऊन बसले होते. फार थकलेले दिसत होते. सुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आबा महिनाभर अंथरुणालाच आहेत, आज हट्टानं आले. विहिरीबद्दल घरात कोणी त्यांना काही सांगितलेलं नाही.

नानांनी टेप सोडला. टेप तळाला टेकला आणि ढिला पडला. त्यांनी थोडा वर घेऊन पुन्हा सोडला. मग सावकाश गुंडाळत वर आणला. टोकाला धूळ होती.

आबांनी विचारलं, “किती शे, नाना?” आणि हात पुढे केला.

सबंध नोकरीत नानांनी एक आकडा खोटा लिहिला नव्हता. ते आबांच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्याला थर्मास होता, सकाळी भुसावळहून निघताना बर्फ घालून भरलेला. मी आवाज न करता झाकण काढलं. नानांनी टेपचं टोक आत बुडवलं आणि आबांच्या तळहातावर ठेवलं. रजिस्टर माझ्या हातात होतं, त्यात मी ‘कोरडी’ लिहिलं.

आबांनी टोक अंगठ्यानं चोळलं. हात डोळ्यांना लावला. नंतर तो तसाच धरून ठेवला. पाणी मनगटावरून ओघळून बाहीत गेलं.

“आमना हिरीनं पानी,” आबा म्हणाले, “इतलं थंडं कधीच नव्हतं, नाना.”

मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि आमच्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.