फवारणीचं वऱ्हाडीत सांगितलं, तर लोक हसले

मागच्या आठवड्यात अकोल्याच्या आमच्या रेडिओ स्टुडिओत मी कापसावरच्या फवारणीची माहिती वऱ्हाडीत दिली. हातमोजे घाला, नाकातोंडाला नीट बांधा, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका… एवढंच. एकही विनोद नव्हता त्यात.

आणि बाप्पा, स्टेशनच्या व्हॉट्सअॅपवर हसऱ्या इमोजींचा नुसता पाऊस! ‘मॅडम, मिमिक्री भारी’, ‘अजून एक होऊन जाऊ द्या’. पुण्या-मुंबईचे असते तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण हे सगळे बडनेऱ्याचे, मूर्तिजापूरचे, नांदगाव पेठचे. आपलेच!

रविवारी बार्शीटाकळीला गेले, तर माझे सख्खे काका म्हणाले, "काय नकला करतं वं तू! आमी लय हासलो." गेल्या हंगामात फवारणी करून आल्यावर ह्याच काकांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. माझी माहिती त्यांच्यासाठीच होती, आणि नेमकी त्यांनाच ती गंमत वाटली.

राग आला, पण त्यांना तरी काय बोलू? टीव्ही लावा नाहीतर रेडिओ, वऱ्हाडी बोलणारा माणूस एकतर वेंधळा असतो नाहीतर घरगडी. त्याने तोंड उघडलं की हसायचं, ही सवय आपल्याला लागून गेली आहे. आपल्या भाषेत कुणी कामाचं सांगेल, असं आपल्यालाच वाटत नाही.

सोमवारी आमच्या कार्यक्रमप्रमुख सरांनी बोलावलं. म्हणाले, शेतीची माहिती यापुढे प्रमाण मराठीत, वऱ्हाडी फक्त कॉमेडीत. गंमत म्हणजे सर पक्के अमरावतीचे, घरी आईशी मले-तुलेच बोलतात.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सर, अजून एक भाग करू द्या. लोक परत हसले तर कार्यक्रम बंद करा, मी हूं की चूं करणार नाही. बोलून गेले खरी, पण लगेच पस्तावलेही… खोटं कशाला सांगू!

त्या भागासाठी मी काकूला घेऊन आले. नवऱ्याला घेऊन दवाखान्यात धावली होती ती, तिच्याइतकं कोण सांगणार? ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून काकू माईकसमोर बसली. कार्यक्रम लाइव्ह होता.

आणि काकूने सुरू केलं, "श्रोतेहो, मी आपणांस सांगू इच्छिते…" अगं माय! जन्मात ‘इच्छिते’ न म्हटलेली बाई ही. आपल्याकडे हे असंच… माईक दिसला की माणूस एकदम भाषणाला उभा राहतो. काचेपलीकडे सर कपाळ चोळत होते.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "काकू, रेडिओ जाऊ दे. त्या दिवशी काका वावरातून आले, तवा काय झालं ते मले सांग."

काकू माईक सोडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "काय सांगू वं… हे दारात आले तं तोंडातून फेस. पान्याचा गिलास धरता येत नोता. मले वाटलं, गेले आता हे माह्या हातचे." पुढचं रडत रडतच सांगितलं. आणि शेवटी डोळे पुसून बजावलं, "बायाहो, घरच्या माणसायले तोंडाले बांधल्याबिगर वावरात जाऊच देऊ नोका."

मी फोनलाइन उघडली. भीतीच वाटत होती, न जाणो कुणी ‘वा, काय अॅक्टिंग’ म्हणायचं…

पहिलाच फोन एका माणसाचा. हळू आवाजात, "ताई, एक इचाराचं होतं. मी फवारून आलो का पोरगी धावत येते. त्याच कपड्यानं उचलून घेतो मी तिले… चालते काय?"

इतके दिवस हा कार्यक्रम करते आहे. गाण्यांच्या फर्माइशी ढीगभर आल्या, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. स्टुडिओत कुणी हसलं नाही.

"नाही चालत दादा," मी म्हटलं. "आंधी आंघोय करा, कपडे अलग धुवा, मंगच लेकराले घ्या."

"बरं झालं सांगतलं," म्हणाले आणि फोन ठेवला.

कार्यक्रम चालू आहे, वऱ्हाडीतच. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं, मी काही भाषा बदलणार नाही. त्या दादांचं नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं, पण त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. वाटतं, कुठल्यातरी गावात ती पोरगी आता बापाची आंघोळ होईस्तोवर दारात उभी राहत असेल… कुरकुर करत का होईना!