कापणीच्या सणाला रिकामे हात

आज कापणीच्या सणाचा रविवार. चर्चच्या स्वयंपाकघरात हजर: रूथ, शांताबाई आणि मी. इथला स्वयंपाक सांभाळणाऱ्या प्रेमलामावशी आता नाहीत, त्यांचं उखळ आहे.

शेंगाचटणी कुटताना लसणाचा वास आला आणि मी थेट जुन्या एका सणात पोचले. नवरा नुकताच वारला होता. लोक ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी वेदीपुढे ठेवत होते. द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून मी मागच्या दारानं निघाले. तिथं मावशी चटणी कुटत होत्या.

“कुटं चाललीस गं?”

“रिकाम्या हातानं आलेय, मावशी.”

“मग बरंच की! भरल्या हातानं मुसळ धरता येतंय व्हय? बस हितं.”

तेव्हा राग आला होता. मला रडायचं होतं आणि यांनी कामाला जुंपलं. आज वाटतं, त्या दिवशी प्रभूनं माझे रिकामे हातच अर्पण म्हणून घेतले. तेव्हापासून दर सणाला मी मावशींबरोबर रांधलं, आता सणाचं जेवण माझ्याकडे आहे, आणि मी कशासाठी जगते हा प्रश्न पुन्हा पडलेला नाही.

भात झाला, आमटी झाली, ताटं पुसून झाली. शेजारची सुनीता मात्र नवरा गेल्यापासून घराबाहेर पडलेली नाही. थोडी चटणी तिनं कुटावी म्हणून मुद्दाम ठेवली आहे. तिला आणायला अजून जायचंय.