गाईच्या मांडीवरचा काळपट पट्टा

चित्रातल्या गाईच्या अंगावर शेण दिसलं तर तुम्ही ते खरवडून टाकाल का? मी टाकणार होते. ब्लेड हातात होतं.

२०१६ साली मी सिंगापुरात पेपर कॉन्झर्व्हेटर होते, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणारी. टेबलावर साडेतीनशे वर्षांचं डच एचिंग होतं. बसलेली गाय, मागे कुंपण. एचिंगसाठी तांब्याच्या पत्र्यावर मेण लावतात, सुईने त्यात चित्र ओरखडतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. रेषा खोल होतात. त्यांत शाई भरून वर ओला कागद दाबला की चित्र उमटतं.

चित्राचे मालक मिस्टर राजन यांना ते स्वच्छ हवं होतं. कागद धुतल्यावर पिवळे डाग गेले. गाईच्या मागच्या मांडीवरचा काळपट पट्टा मात्र गेला नाही.

"काजळी आहे. ब्लेडने काढ," माझ्या बॉस मिसेस लिम म्हणाल्या. "चारला क्लायंट येतोय."

ब्लेड लावण्याआधी दिवा टेबलालगत आडवा धरायचा, हा आमचा नेम. डाग कागदात मुरतो. एचिंगची शाई किंचित उंच राहते, तिची सावली पडते. मी दिवा खाली घेतला आणि पट्ट्यात केसांसारख्या बारीक रेषा उभ्या राहिल्या.

डाग नव्हताच, चित्रकाराने सुईने कोरलेलं वाळलेलं शेण होतं ते! गाय बसते तिथे लागतंच. श्रीमंताच्या भिंतीवर जायचं म्हणून त्या चित्रकाराने तिला आंघोळ घातली नव्हती. गोठ्यात वाकून, जे दिसलं ते रेखाटलं होतं.

"मी हे काढणार नाही."

"त्याने क्लीन मागितलंय."

"मी समजावते त्यांना."

"आणि तुझा इथे काम करायचा पास रिन्यू कोण करणार? तो की मी?"

मी ब्लेड खोक्यात ठेवलं.

मिस्टर राजन आले. मी भिंग दिलं, दिवा धरला. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि एकदम हसले.

"इथेच सिंगापुरात, सेरंगूनला आजोबांच्या गाई होत्या. रोज घासायचे. सकाळी परत सेम प्लेस, लाह!" मग मिसेस लिमकडे वळून म्हणाले, "हात लावू नका हं."

चित्र शेणासकट घरी गेलं. रिपोर्टात 'उरलेले डाग' या रकान्यात मिसेस लिमनी लिहिलं, 'एकही नाही.' माझा पासही रिन्यू झाला. मात्र त्या दिवसापासून ब्लेडचं खोकं त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेलं; मागितल्याशिवाय मिळेना.

घरात जुनं छापील चित्र असेल तर साफ करायला देण्याआधी दिवा आडवा धरून बघा. आणि म्युझियममध्ये डच गाय भेटली, तर शिंगांपाशीच थांबू नका. तिची मांडीही बघा.